जग सरकतं की हात? अंधाऱ्या खोलीत व्हीआर हॉरर खेळताना ट्रॅकिंग जातं त्यावर उपाय

तक्रार ठरलेली असते. रात्री जेवणं झाली, दार लावलं, लाईट मालवली, व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांपुढं आभासी जग उभं करणारा, हेडसेट डोक्यावर चढवला. सुरुवातीला गेम झकास चालतो. मग अंधाऱ्या बोळात मागून काहीतरी सरपटत येतं, तुम्ही बंदूक उचलता आणि तुमचा हात तुम्हाला सोडून छताकडे निघून जातो. नाहीतर अख्खा बोळच एका अंगाला कलतो. कधी गेम थांबून समोर 'ट्रॅकिंग लॉस्ट'ची, म्हणजे तुम्ही कुठं आहात ते यंत्राला कळेनासं झाल्याची, पाटी येते आणि जमलेली भीती पार विरून जाते. हेडसेट काढून पुन्हा घातला की सगळं ठीक. दुसऱ्या रात्री परत तेच.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं मला हेच विचारतात. "मामा, बघा की, कंट्रोलर उडून जायला लागलाय." कंट्रोलर म्हणजे हातात धरायचं बटणांचं यंत्र, गेममधला हात त्यावरच चालतो. विचारायच्या आधीच बहुतेकांनी फॅक्टरी रीसेट मारलेला असतो. तो मारू नका. या तक्रारीवर रीसेटचा काही उपयोग होत नाही. उलट गेम पुन्हा उतरवावे लागतात आणि क्लाउडवर न गेलेले सेव्ह कायमचे जातात. अर्ध्यावर आलेला हॉरर गेम पहिल्यापासून खेळण्यासारखं कंटाळवाणं काही नाही, कारण कोण कुठून येणार ते सगळं ठाऊक झालेलं असतं.

आधी एकच गोष्ट ठरवा: जग सरकतं, की फक्त हात सरकतो? दोन्हींची कारणं निराळी आहेत, बहुतेक ठिकाणी चक्क उलटी आहेत. त्यात गल्लत झाली की माणूस बॅटऱ्या बदलत बसतो आणि दोष ट्यूबलाइटमध्ये असतो.

यंत्राला कळतं कसं

मेटा कंपनीच्या क्वेस्टसारख्या हेडसेटला आपण कुठे आहोत ते दोन वाटांनी समजतं. आत वेगातला बदल आणि वळण मोजणारे छोटे संवेदक असतात, ते अत्यंत चपळ असतात, पण त्यांच्या मोजणीत बारीक चूक राहते आणि ती साचत जाते. डोळे मिटून माजघरातून परड्याकडे चालून बघा. पहिली दोन पावलं बरोबर पडतात, मग प्रत्येक पावलाची चूक मागच्या चुकीत मिसळते आणि शेवटी कपाळ चौकटीवर आपटतं. ही साचलेली चूक पुसण्याचं काम बाहेरच्या कॅमेऱ्यांचं. क्वेस्ट २ ला असे चार कॅमेरे आहेत. खोलीतले कोपरे, खिडकीच्या कडा, भिंतीवरचं कॅलेंडर अशा ठळक खुणा ते सतत बघत असतात आणि त्यावरून हेडसेटची जागा पक्की करतात. खुणा दिसायला उजेड लागतो. उजेड नसेल तर जग सरकतं.

कंट्रोलरचं तसं नाही. क्वेस्ट २ आणि ३ च्या कंट्रोलरमध्ये इन्फ्रारेड दिवे बसवलेले आहेत. आपल्याला ते दिसत नाहीत, कॅमेऱ्यांना दिसतात. म्हणजे कंट्रोलर अंधारातसुद्धा सापडतो, पण फार उजेडात, विशेषतः उन्हात, हरवतो. अपवाद क्वेस्ट प्रोच्या कंट्रोलरचा. त्यांच्यात स्वतःचेच कॅमेरे आहेत, त्यामुळे त्यांनाही खोलीत उजेड हवा.

तेव्हा हात उडत असेल तर अंधाराला दोष देऊ नका. जग सरकत असेल तर कंट्रोलरच्या बॅटऱ्यांना हात लावू नका.

जग सरकत असेल तर

लाईट लावा. दहापैकी आठ-नऊ जणांचं काम इथंच होईल, पण हे ऐकायला कुणी तयार नसतं. हॉरर गेम आणि लाईट लावून? मजा जाईल ना?

जात नाही. डोळ्यांभोवतीची गादी नीट बसली असेल तर खोलीतल्या उजेडाचा कवडसासुद्धा आत येत नाही. नाकाच्या बाजूनं फट राहत असेल तर ती गादी सारखी करून किंवा नाकाचा पडदा लावून बुजवा. खोली अंधारी असली काय, उजळ असली काय, आतला बोळ तेवढाच काळा दिसतो. आणि तो पुरता काळा दिसत नसेल, राखाडी दिसत असेल, तर तोही बिघाड नव्हे. क्वेस्ट २, ३ आणि ३एसचे पडदे एलसीडीचे आहेत. त्यांच्या मागचा दिवा पूर्ण विझत नाही. २०१९ च्या पहिल्या क्वेस्टला ओलेड पडदे होते, त्यांत काळा ठिपका पूर्ण विझतो, त्यामुळे ज्यांनी तो वापरलाय त्यांना हा फरक लगेच खटकतो.

लाईट मालवायची ही सवय आली कुठून, त्यालाही कारण आहे. प्लेस्टेशनचा पहिला व्हीआर संच २०१६ साली आला आणि जानेवारी २०१७ मध्ये 'रेसिडेंट इव्हिल ७' अख्खा त्यावर खेळता आला. घरात बसून व्हीआरमध्ये घाबरायची गोडी अनेकांना त्यानंच लावली. त्या संचात कॅमेरा टीव्हीजवळ असायचा आणि हेडसेटवरचे निळे दिवे बघून तो डोकं कुठं आहे ते ठरवायचा. खोलीतला भडक उजेड त्याला त्रास द्यायचा, म्हणून मंद उजेड चांगला, असं लोक सांगायचे आणि ते बरोबरही होतं. २०१६ च्याच एचटीसी व्हाइव्हला भिंतीवर बसवलेली केंद्रं इन्फ्रारेडचा झोत फिरवून दिशा दाखवतात, म्हणून तो मिट्ट काळोखातही चालतो. आता कॅमेरे हेडसेटवरच आले, टीव्हीजवळून डोक्यावर आले, आणि नियम उलटला. सल्ला मात्र जुनाच फिरतोय.

दिवेलागणीला घरातली लाईट घालवायची नाही, लक्ष्मी परत जाते, असं म्हणणाऱ्या आज्ज्या या बाबतीत पोरांपेक्षा पुढे आहेत. कारण वेगळं, निकाल तोच.

किती उजेड? खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात उभं राहून 'तरुण भारत'मधली बातमी डोळे न ताणता वाचता आली की झालं. एकाच टेबललॅम्पनं एक भिंत लख्ख आणि उरलेली खोली काळी, असं नको. छताकडे वळवलेला दिवा सगळ्यांत बरा, उजेड सगळीकडे सारखा पसरतो.

लाईट आहे तरी जग सरकतं

इथं मामला रंगतो. आपल्याकडे बरेच हेडसेट अमेरिकेतल्या भावानं, दुबईतल्या मामानं किंवा पुण्यातल्या आयात करणाऱ्या दुकानानं आणलेले असतात. अमेरिकेत घरातली वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी बल्ब आपल्याला सलग पेटलेला दिसतो, पण तो विजेच्या प्रत्येक चक्रात दोनदा मंद होतो. म्हणजे आपल्याकडे सेकंदाला १०० वेळा, तिकडे १२० वेळा. कॅमेऱ्यानं तिकडची लय धरून चित्रं टिपली तर आपल्या बल्बखाली एक चित्र उजळ, पुढचं मंद असं होत राहतं आणि खुणा निसटतात.

हेडसेटच्या सेटिंग्जमध्ये ट्रॅकिंगच्या भागात 'ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी' असं एक कलम आहे. अपडेट आलं की ते इकडून तिकडं हलतं, पण शोधलं की सापडतं. बहुतेकदा ते 'ऑटो'वर असतं आणि ऑटो सहसा बरोबर ओळखतं. सहसा. तिथं ५० हर्ट्झ निवडा. एवढ्यानं पुष्कळांचा त्रास जातो आणि त्याला खर्च काही नाही.

बल्ब किती लुकलुकतो ते बघायचं असेल तर मोबाईलवर स्लो मोशन लावून त्याचा व्हिडिओ काढा. उजेड धडधडताना दिसला किंवा आडवे पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब बदला. चांगल्या ड्रायव्हरचा (आतल्या वीज सांभाळणाऱ्या सर्किटचा) एलईडी बल्ब जवळजवळ स्थिर दिसतो. डिमरवर मंद केलेला बल्ब आणखी लुकलुकतो, तेव्हा वातावरणनिर्मितीसाठी डिमर नको.

पंखा बघा. लाईट पंख्याच्या वर असेल तर प्रत्येक पातं तिला कापत जातं आणि सगळ्या खोलीभर सावल्या धावतात. आपल्याला सवयीनं ते दिसेनासं होतं, कॅमेऱ्याला दिसतं. पंखा बंद करायला सांगत नाही, मार्च-एप्रिलमध्ये ते शक्यही नाही. उजेड पंख्याच्या खालच्या पातळीवर आणा, म्हणजे भिंतीवरची ट्यूब लावा.

आता करंटची गोष्ट. जून ते सप्टेंबर, खास करून खानापूरच्या रानाकडच्या गावांत, करंट कधी जाईल सांगता येत नाही. हेडसेटला बॅटरी आहे, त्यामुळे गेम चालूच राहतो. खोली मात्र काळी होते आणि जग सरकू लागतं. डोक्यावर हेडसेट असलेल्याला करंट गेल्याचं कळतच नाही, तो हेडसेटला शिव्या घालतो. इन्व्हर्टर असेल तर खेळायच्या खोलीतली लाईट त्यावर आहे का ते वायरमनकडून बघून घ्या, बऱ्याच घरांत ती नसते. इन्व्हर्टर स्वस्तातला स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर काही बल्ब जास्त फडफडतात. तसं दिसलं तर यूएसबीवर चार्ज होणारा एक साधा इमर्जन्सी दिवा खोलीत कायम ठेवा. संगणकावरून वाय-फायनं गेम खेळणाऱ्यांचा राउटरही करंटबरोबर जातो. तेव्हा चित्र गोठतं. ते ट्रॅकिंगचं दुखणं नाही, राउटरला छोटा यूपीएस लावा.

वडगाव-शहापूरकडे जिथं शेजारी यंत्रमाग चालतात तिथं व्होल्टेज खालीवर होऊन लाईट डुलताना मी पाहिली आहे. तिथंही बॅटरीवरचा दिवाच कामाला येतो.

भिंती आणि आरसे

नुकताच पांढरा चुना मारलेली कोरी भिंत कॅमेऱ्याला आंधळी करते, कारण धरायला खूणच नाही. गल्लीतल्या जुन्या घरांचा सोपा (पुढची पडवी) या बाबतीत नव्या फ्लॅटपेक्षा सरस. खांब, कोनाडे, देवांच्या तसबिरी, खुंटीवरचे कपडे, सगळ्या खुणाच. फ्लॅटवाल्यांनी एखादं कॅलेंडर, दोन पोस्टर लावावेत. दोन्ही भिंतींवर सारखीच चित्रं मात्र नकोत.

आरशाचं लोखंडी कपाट म्हणजे घोटाळ्याचं घर. आरशात दिसणारी खोली कॅमेऱ्याला खरी वाटते. त्यावर चादर टाका. घोटून चकचकीत केलेली फरशी आणि बंद टीव्हीची काच यांचाही कमी प्रमाणात तोच त्रास.

सोपा अरुंद असेल तर हेडसेटमध्ये आखायच्या, मोकळं फिरायच्या हद्दीचा हट्ट धरू नका. मोकळं फिरायला साधारण दोन मीटर बाय दोन मीटर जागा हवी. तेवढी नसेल तर एका जागी बसून खेळायची हद्द आखा. दचकून मागं उडी मारणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्यासाठी तर हेच बरं. आणि घरातलं सामान हलवलंत, गणपतीसाठी मखर मांडलंत, की जुनी हद्द पुसून नव्यानं आखा. जुन्या खोलीची आठवण धरून बसलेला हेडसेट नव्या मांडणीत गोंधळतो.

फक्त हात सरकत असेल तर

ही शाखा छोटी आहे.

गणपती-दिवाळीच्या दिवसांत तक्रारी वाढतात त्याला कारण आहे. दिव्यांच्या माळा. अंधाऱ्या खोलीत लुकलुकणारे बारीक ठिपके आणि कंट्रोलरचे दिवे यांत कॅमेऱ्यांची गफलत होते. मखराभोवतीची माळ खेळापुरती बंद करा, किंवा खेळच दुसऱ्या खोलीत न्या. खिडकीतून येणारं ऊनही तेच करतं, दुपारी खेळत असाल तर पडदा ओढा.

मग बॅटरी. क्वेस्ट २ आणि ३ च्या प्रत्येक कंट्रोलरमध्ये एक एए सेल असतो. जोरात हात झटकल्यावरच कंट्रोलर जात असेल तर सेल खाचेत सैल बसलाय का बघा. भीतीनं हात फार झटकला जातो, म्हणून शांत गेममध्ये न दिसणारा हा दोष हॉररमध्ये दिसतो.

उरलेला दोष आपल्याच अंगविक्षेपांचा. 'द वॉकिंग डेड: सेंट्स अँड सिनर्स'मध्ये डाव्या खांद्यावरून पाठीवरच्या पिशवीत हात घालावा लागतो. तिथं कॅमेरे बघत नाहीत, हात काही क्षण अंदाजावर चालतो. पटकन घाला, पटकन काढा, पाठीमागं हात धरून ठेवू नका. 'हाफ-लाइफ: ॲलिक्स'मध्ये एका भागात खोकला दाबायला हात तोंडावर धरायचा असतो. तिथं कंट्रोलर हेडसेटला इतका चिकटतो की कॅमेऱ्यांना नीट दिसत नाही. वीतभर अंतर ठेवून गेम मान्य करतो का ते बघा. आणि घाबरून दोन्ही हातांनी हेडसेट धरायची सवय असेल तर हात कॅमेऱ्यांवरच येतात. मग हात आणि जग दोन्ही जातं.

पावसाळ्यातलं धुकं

गेममधलं धुकं आणि भिंगावरचं धुकं यांत फरक करायला शिका, हे मी थट्टेनं म्हणत नाही. बेळगावच्या पावसाळ्यात हवा दमट आणि रात्री गार असते. भिंगं गार, चेहरा गरम, वर घाम. वाफ भिंगावर धरते. खेळायच्या आधी पाच-दहा मिनिटं हेडसेट चालू करून ठेवा, भिंगं जरा गरम झाली की धुकं धरत नाही. चेहऱ्यावर पंख्याची झुळूक येऊ द्या. बाहेरच्या कॅमेऱ्यांवरही बोटांचे तेलकट ठसे आणि दमटपणा बसतो. कोरड्या मायक्रोफायबर कापडानं पुसा, सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नका.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. चार दिवसांच्या झडीनंतर ऊन पडलं की गाद्यांबरोबर हेडसेटही गच्चीवर वाळत घालणारे लोक आहेत. भिंगातून ऊन आत शिरलं तर ते पडद्यावर एका ठिकाणी एकवटतं आणि थोड्याच वेळात कायमचा डाग पडतो. तो दुरुस्त होत नाही. दमटपणा काढायचा असेल तर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

मळमळ

ट्रॅकिंग सुटलं की डोळ्यांना जग हलताना दिसतं आणि कानातल्या तोलाला ते स्थिर वाटतं. त्या भांडणातून मळमळ येते. म्हणून उजेडाची सोय केल्यावर पुष्कळांची मळमळही कमी होते. तरी उरली तर गेममध्ये झटक्यात वळायचा पर्याय आणि चालताना कडा काळ्या करायचा पर्याय चालू करा. अंग गरम वाटायला लागलं की तिथंच थांबा, 'एवढा भाग संपवतो' म्हणून रेटू नका.

तरीही काळोखच हवा असेल तर

घरचे झोपलेत, लाईट लावता येत नाही, अशीही अडचण असते, ती मला मान्य आहे. २०२४ च्या क्वेस्ट ३एसवर समोरच स्वतःचे इन्फ्रारेड दिवे आहेत, त्यामुळे तो अंधार बऱ्यापैकी सहन करतो. बाकीच्यांनी सीसीटीव्ही बसवणाऱ्याकडून इन्फ्रारेड दिवा घ्यावा. तो ८५० नॅनोमीटरचाच मागा. ९४० चा आपल्या डोळ्यांना अजिबात दिसत नाही, पण हेडसेटच्या कॅमेऱ्यांनाही कमीच दिसतो. ८५० च्या दिव्यात जवळून बघितलं तर फिकट लाल ठिपके दिसतात, बाकी खोली आपल्यासाठी काळीच राहते. दिवा उंचावर बसवून छताकडे किंवा कोपऱ्याकडे वळवा. थेट हेडसेटवर रोखलात तर कंट्रोलर हरवतील, आणि त्याच्यात जवळून टक लावून बघणं डोळ्यांनाही चांगलं नाही. हा दिवाही करंटवरच चालतो, तेव्हा त्याला इन्व्हर्टरच्या प्लगमध्ये जागा द्या.

हेडसेटचाच दोष आहे हे कधी समजायचं

दिवसा, खिडकीतून भरपूर पण थेट ऊन नसलेला उजेड येत असताना, सामान असलेल्या खोलीत, नवे सेल घालून, कॅमेरे पुसून खेळून बघा. तिथंही जग सरकत असेल तर मग यंत्राकडे बोट दाखवा. एकाच बाजूला मान वळवल्यावर दर वेळी सुटत असेल तर त्या बाजूचा कॅमेरा संशयित. एकच कंट्रोलर जात असेल तर सेल आलटून पालटून बघा, तरी तोच जात असेल तर तो कंट्रोलर गेला. बाहेरून आणलेल्या हेडसेटची वॉरंटी इथं चालेलच असं नाही, तेव्हा ज्यानं आणून दिला त्याला आधी विचारा, गल्लीतल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून उघडून घेऊ नका.

आणि मला किंवा कुणालाही विचारायचं असेल तर नुसतं 'चालत नाही' लिहू नका. हेडसेट कोणता, जग सरकतं की हात, खोलीत कुठली लाईट आणि ती पंख्याच्या वर की खाली, ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी किती ठेवलीय, त्या वेळी करंटवर होता की इन्व्हर्टरवर, आणि दिवसा खेळून बघितलंत का, एवढं सांगा.